दिव्याची बाई

देवराईतल्या वरसूबाईपुढं दिवा लावायचा तो पाळी गेलेल्या बाईनंच, ही गावाची रीत. सखूबाईनं सोडल्यापासून दिव्याला बाई नव्हती. भाताची आवणी तोंडावर आली तसा सोमाजी पुजारी राईत सगळ्यांदेखत म्हणाला, "आता धोंडाबाईनं दिवा घ्यावा."

"मला नाय जमायचं. गुडघं धरल्यात."

"मंग सकाळी डोंगरावरनं सरपणाचा भारा भुतानं आणला व्हय?" तिचा नवरा धर्माजी खेकसला. माणसं हसली.

धर्माजीचा धाकटा भाऊ हौशीराम हसला नाही. सखूबाई त्याची बायको. तिनंही असंच गुडघ्यांचं निमित्त करून दिवा सोडला होता. बायका म्हणाल्या, देवीला माजली. पुढं तिचं पोट फुगलं, तेव्हा म्हणाल्या, "म्हातारपणी पाळणा बांधा आता."

मग गेल्या श्रावणात ती खाचरातच वाकडी झाली. उलट्या, चिखलात गडाबडा लोळणं. बेंबी सरकली म्हणून पोट चोळलं, तशी जास्तच ओरडली. जीपनं मंचरला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंडाशयाला गाठ आहे, तिला पीळ पडलाय. गाठ कॅन्सरची, पोटभर पसरलेली. "पाळी गेल्यावर परत लाल दिसत होतं का?"

सखूबाईनं तोंडावर पदर घेतला. "दिसायचं. इटाळात दिवा कसा लावू? अन् सांगू तरी कुणाला?"

दिवाळीही तिला दिसली नाही. त्या खाचरात पाय घातला की हौशीरामला अजून तिची ओरड ऐकू यायची. तेवढा तुकडा त्यानं औंदा पडच ठेवला होता.

हौशीराम उठला. "वैनी, गुडघं नाय दुखत तुमचं. लाल दिसतंय ना?"

धर्माजीनं हात उगारला. "लाज हाय का रं? चारचौघांत भावजयीला इचारतोस?"

"लाज सखूनं लई राखली, दादा. राखून सरणावर गेली."

धर्माजीचा हात खाली आला. धोंडाबाई जमिनीकडं बघत पुटपुटली, "शिमग्यापासनं दिसतंय."

जीप मंचरच्या रस्त्याला लागली. धर्माजी पुढं बसला होता. धोंडाबाईनं मागं वळून झाडीकडं पाहिलं.

"भावजी, दिवा तसाच ऱ्हायला. देवी कोपंल का वो?"

"कोपली तर माज्यावर कोपंल, वैनी. माज्या घरातनं तिनं न्यावं असं आता काय उरलंय?"