विनादोरीची घंटा

"वाजली! आई गं, वाजली!"

बिरोबाच्या ओट्यापुढं जमलेली दोन-अडीचशे माणसं एकदम मागं सरली. मागच्यांच्या पायांवर पुढचे पडले, एका म्हातारीचं लुगडं टरकन फाटलं, तरी कुणाची नजर ओट्यावरून हलेना. ओट्यावर एक काळी लाकडी पेटी. पेटीच्या माथ्यावर वाटीएवढी पितळी घंटा आणि तिच्यामागं पुरुषभर उंचीचा त्रिशूळ. घंटेला दोरी नाही. जवळ माणूस नाही. घंटानाथ महाराज चांगले पाच हात लांब, आसनावर डोळे मिटून बसलेले. आणि घंटा आपली टणटणटण वाजतच होती.

"प्रश्न काय होता?" महाराजांनी डोळे न उघडता विचारलं.

वस्तीचा कारभारी रखमाजी हात जोडून पुढं झाला. त्याची आठ मेंढरं एका दिवसात पोट फुगून मेली होती. "महाराज, वस्तीवर करणी करती ती तुकाबाईच का, असं देवाला इचारलं व्हतं."

"मग देवानं सांगितलं. मी कोण सांगणार? दुसऱ्यांदा वाजली. पुढच्या गुरुवारी तिसऱ्यांदा विचारू. तिसऱ्यांदा वाजली की तोंडाला काळं फासून वस्तीबाहेर!"

गर्दीच्या कडेला तुकाबाई उभी होती. तिच्याभोवतीची जागा आपोआप मोकळी झाली. कुणाची नजर नको म्हणून ती खाली बसली.

सन एकोणीसशे अकरा-बाराचा सुमार असेल. ओतूरच्या डोंगरापायथ्याची ही धनगरवस्ती. महाराज तिथं येऊन पुरते दोन महिने झाले नव्हते. त्यांनी बारा वर्षं गिरनारवर काढली होती, बारा काशीत, बारा हिमालयात. आणि वय बघावं तर पस्तिशीच्या आतलं! पण भक्तांना बेरीज करायला सवड कुठली? "ओम् घंटाय फट्, पापाचं तटतट्" असला मंत्र म्हणून महाराज प्रश्न विचारत, मग शंख फुंकत, आणि मग देवाची मर्जी. घंटा वाजली तर होय, मुकी राहिली तर नाही. पेटीला हात लावील त्याचे दोन्ही डोळे जागच्या जागी जातील, अशी ताकीद होती. दर गुरुवारी एक एडका देवाच्या नावानं कापला जाई. देव खात नव्हता, पण महाराजांचं पोट मात्र सुटत चाललं होतं.

तुकाबाईनं केलं काय होतं? रखमाजीची मेंढरं मेली तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "अरं, कापलेल्या जोंधळ्याचे कवळे फुटवे खाल्ल्यात त्यांनी, इख असतंय त्यात! करणी कसली?" आणि त्याच दमात महाराजांना विचारून बसली होती, "म्हाराज, तुमचा त्यो चेला टेकडीवरच्या खोपटात काय करतो वो? मेंढरं घेऊन गेल्ते तर बांबूला तांब्याची तार बांधून बसला व्हता."

महाराज गोड हसले होते. पुढच्याच गुरुवारी तिच्या नावानं घंटा पहिल्यांदा वाजली, आणि आज दुसऱ्यांदा.

घरी आली तर सुनेनं, बायडानं, सात महिन्यांचं पोर पदराखाली झाकलं. लेक जानकू मान खाली घालून उभा राहिला.

"जानकू, तुला बी खरं वाटतंय?"

"मला काय वाटतं आये... पर घंटा का खोटं बोलंल?"

तुकाबाई मेंढरांच्या वाड्यात जाऊन बसली. तिथं तिच्या मनात एक विचार आला. घंटा खरंच बोलत असेल तर? आपण झोपेत उठून काही करत असलो तर? बाई इतकी भेदरली की झोपताना तिनं मेंढरं बांधायच्या दोरीनं आपलाच पाय खांबाला बांधला. सकाळी गाठ जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशीही तशीच. तरी छातीतली धडधड थांबेना, कारण नातवाला बघायला गेलं की बायडा दार लावून घेत होती.

रविवारी जुन्नरचा बाजार. घरात बसवेना म्हणून ती दोन घोंगड्या घेऊन पहाटेच निघाली. बाजाराच्या तोंडाशी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या वजीरभाईचं दुकान होतं. तिथून जाताना तिच्या कानावर आलं – टणटणटण.

तुकाबाई "मेले गं!" म्हणून रस्त्यातच खाली बसली. दुकानातल्या फळीवर तशीच पितळी घंटा, तिलाही दोरी नाही, आणि ती वाजत होती. वस्तीवरून जुन्नरपर्यंत देव आपल्या मागं लागला!

"मावशी, काय झालं? चक्कर आली का?" डोळ्याला भिंग लावलेला वजीर धावत बाहेर आला.

"म्या न्हाई केलं! बिरोबाच्यान, म्या काय बी न्हाई केलं!"

तेवढ्यात माडीवरून त्याची बहीण जैबुन्निसा ओरडली, "काय रे वजीर, वाजली का बरोबर?" आणि खाली येऊन बघते तर ही गत. तिनं तुकाबाईला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. पाणी पिताना तुकाबाईचे दात तांब्यावर आपटत होते. मग सगळी हकीकत बाहेर आली; घंटा, त्रिशूळ, शंख, दाराआड झाकलेला नातू, अगदी खांबाला बांधलेला पायसुद्धा.

"पाय बांधून बघितलात?" वजीर म्हणाला. "मावशी, तुम्ही परीक्षाच घेतलीत की! आता ह्या घंटेचीही घेऊ."

त्यानं फळीवरची पेटी तिच्यापुढं ठेवली आणि सरळ झाकण उघडलं. तुकाबाईनं डोळ्यांवर हात घेतले.

"ही काचेची नळी, आत लोखंडाचा कीस. एरवी कीस सुटा असतो, त्यातून बॅटरीची वीज पुढं जात नाही. वर माडीवर दुसरी पेटी आहे. तिच्यात ठिणगी पाडली की तिची लाट हवेतून, भिंतीतून इथवर येते. डोळ्यांना दिसत नाही; ती सोडायला-पकडायला उंच तार नाहीतर सळई लागते. लाट आली की किसाचे कण एकमेकांना चिकटतात, वीज वाहते, घंटा वाजते. ह्याला बिनतारी म्हणतात."

"आन् मग थांबती कशी?" तुकाबाईनं बोटांच्या फटीतून विचारलं.

"घंटेचाच ठोका नळीवर बसतो. कीस पुन्हा सुटा."

तुकाबाईनं डोळ्यांवरचे हात खाली घेतले. मग म्हणाली, "मेंढरावानी. ईज कडाडली की एकमेकींत घुसत्यात, काठी आपटली की पांगत्यात."

"बरोब्बर!" वजीरनं मांडीवर थाप मारली. त्याला या यंत्राचं वेडच होतं. पुण्याचे एक मास्तर, मुंबईचा एक पारशी, असे पाचसहा हौशी लोक एकमेकांना पत्रं लिहीत. कुणाची नळी चालली, कुणाची का बिघडली, सगळं कळवत. नियम दोनच: आधी ऐकायचं मग पाठवायचं, आणि शिकलेलं लपवायचं नाही.

"आता सांगा, घंटा वाजायच्या आधी महाराज काय करतो?"

"शंख फुकतो." आणि बोलता बोलता तिचा हात तोंडावर गेला. "भाऊ, लांब फुकला की वाजती, आखूड फुकला की न्हाई! आवो, ही तर मेंढरं वळायची रीत! लांब शीळ म्हंजी ये, आखूड म्हंजी थांब. त्यो टेकडीवरचा चेला ऐकून ठिणगी पाडत आसंल!"

वजीर हसला नाही. त्याचा चेहरा पडला. "दिसायला कसा आहे महाराज? डाव्या भुवईवर कापल्याची खूण?"

"व्हय की."

"हौशीराम! तीन वर्षांपूर्वी माझ्याकडं शिकायला आला. मी हातचं राखून काही ठेवलं नाही. जोडीनं ह्या दोन पेट्यांसारख्याच दोन केल्या, आणि एके दिवशी त्या घेऊन गेला. आम्ही एकमेकांना हाक मारायचो ती अशी." त्यानं फळीवर बोटानं वाजवलं, दोन आखूड, एक लांब. "म्हणजे, हौशीराम, आहेस का?"

"मग चला की वस्तीवर! सांगा समद्यांना!"

"नुसतं सांगून? पेटीत वीज आहे म्हटलं तर म्हणतील, वीजही देवाचीच. दाखवावं लागेल. शीळ मला नाही, तुम्हाला घालता येते मावशी. येईल ना घालता?"

"आता घालीन. तितं, समद्यांम्होरं..." तिला पुढं बोलवेना.

गुरुवारी दुपारी ओट्यापुढं मुंगीला शिरायला जागा नव्हती. कोळशाचं पाणी कालवून ठेवलं होतं. पोरांनी दगड गोळा केले होते. ओट्याच्या उजव्या अंगाला, पन्नास पावलांवर, तुकाबाईचा मेंढरांचा वाडा. त्यात शंभर मेंढरं बेंबें करत उभी, आणि त्यांच्यात घोंगडीखाली वजीर आपली ठिणगीची पेटी घेऊन आडवा पडलेला. पेटीची तार एका काठीला गुंडाळलेली. ठिणगीचा तडतडाट मेंढरांच्या ओरडण्यात कुणाला ऐकू जाणार नव्हता. बेत असा होता, की महाराजांनी शंख उचलायच्या आधीच तुकाबाईनं शीळ घालायची आणि ती ऐकून वजीरनं ठिणगी पाडायची.

तिनं ओठ जुळवले आणि नुसती हवा आली. तोंडाला कोरड पडली होती. पुन्हा फुंकलं, पुन्हा हवा.

"ओम् घंटाय फट्!" महाराज गरजले. "देवा, तुकाबाई चेटकीण आहे काय?" आणि शंख लांबच लांब घुमला.

घंटा वाजली.

तिसऱ्यांदा! एकच कल्लोळ उठला. कुणी तिचा पदर ओढला, कुणी कोळशाची घमेली उचलली. जानकू रडत होता, पण जागचा हलत नव्हता. बायडानं पोराचं तोंड दुसरीकडं फिरवलं. ते तुकाबाईनं पाहिलं. हे पोर आपल्याला भिऊन वाढणार, आजी म्हणजे चेटकीण एवढंच त्याला ठाऊक राहणार.

"थांबा!" ती किंचाळली. "मला बी देवाला एक इचारू द्या! बिरोबा माजा बी हाय!"

रखमाजी घुटमळला. महाराज उदारपणे हसले. "विचार बाई. देव कुणाचं ऐकत नाही?"

"देवा," ती म्हणाली, "ह्यो म्हाराज लबाड हाय का?"

गर्दी हबकली. तुकाबाईनं जीभ दातांखाली धरून कशीबशी थुंकी आणली, ओठ ओले केले, दोन बोटं तोंडात घातली, आणि शीळ घातली. मेंढरांनी माना वर केल्या. आणि शंख न फुंकता, चेल्याला काही न कळता, घंटा वाजली.

टण, टण, टणणणण.

क्षणभर गप्प. पुन्हा टण, टण, टणणणण.

महाराजांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय म्हणती घंटा, सांगू?" तुकाबाई म्हणाली. "हौशीराम, आहेस का?"

"वजीर?" महाराजांच्या तोंडून निसटलं. ते धडपडून उठले आणि चारी बाजूंना बघू लागले. "वजीर, तू हितं कसा?"

"कोन वजीर? कोन हौशीराम?" रखमाजीनं विचारलं.

मेंढरांच्या गराड्यातून वजीर उभा राहिला. डोक्यात काटक्या, अंगभर लेंड्या. त्याला पाहून एक बाई भुताला भ्यावी तशी ओरडली. "भाऊ, मी जुन्नरचा घड्याळवाला. तो शंख घ्या आणि लांब फुंका."

रखमाजीनं भीत भीत शंख उचलला. लांब फुंकला, घंटा वाजली. आखूड फुंकला, घंटा गप्प. परत लांब, परत वाजली. टेकडीवरचा चेला बिचारा इमानी! गुरू पकडला गेल्याची त्याला काय कल्पना? शंख ऐकून तो ठिणग्या पाडतच होता.

"आता पेटी उघडा," वजीर म्हणाला.

कुणी पुढं येईना. डोळ्यांचा प्रश्न होता. शेवटी तुकाबाई ओट्यावर चढली. नळीचं सगळं समजलेलं, तरी डोळे जाण्याची ताकीद डोक्यातून जाईना. भीती अशी एका दिवसात जात नाही. तिनं एक डोळा घट्ट मिटून घेतला. गेलाच तर एक जाईल! आणि दुसरा उघडा ठेवून झाकण उचललं.

आत देव नव्हता. एक काचेची नळी होती, चिमूटभर कीस होता, त्रिशुळाला जोडलेल्या तारा होत्या, बॅटरीच्या दोन बरण्या होत्या. तुकाबाईनं मिटलेला डोळाही उघडला.

"या, बघा," ती म्हणाली. आणि मेंढरांचा दाखला देत तिनंच सगळ्यांना समजावलं. वजीर मध्ये एकदाही बोलला नाही.

हौशीराम पळायच्या बेतात होता, पण जानकूनं त्याचं मनगट धरलं. वजीर त्याच्यापुढं उभा राहिला. "मी तुला शिकवलं त्याचा पस्तावा नाही रे. तू ते झाकून ठेवलंस त्याचा राग आहे. झाकलंस म्हणून चमत्कार झाला. ह्या माणसांना उघडून दाखवलं असतंस तर तुला मान मिळाला असता." हौशीरामानं मान वर केली नाही. पाटलाच्या ताब्यात दिला तेव्हाही केली नाही.

बायडा रडत सासूच्या पायाशी आली. "आत्याबाई, मला मापी करा..."

"पोर दे आदी," तुकाबाई म्हणाली. "रडणं मागनं."

नातू छातीशी आला आणि तिची धडधड हळूहळू कमी झाली. ती पेटी मग बरेच दिवस ओट्यावर होती, झाकणाशिवाय. आल्यागेल्याला तुकाबाई ती दाखवायची आणि वर म्हणायची, माजी अक्कल न्हाई बाबा, वजीरभाऊनं सांगितली, तू पुढं सांग.

मंडळी, घंटा कुठंही वाजू दे, तिच्यावर त्रिशूळ असू दे नाहीतर आणखी काही. आपल्याला भीती वाटणारच. तुकाबाईलाही वाटली, शेवटपर्यंत वाटली. भिण्यात कमीपणा नाही. पण एका घंटेच्या शब्दावर कुणाच्या आईच्या तोंडाला काळं फासायला निघण्याआधी पेटीचं झाकण तेवढं उघडा. हवं तर एक डोळा मिटून उघडा, पण उघडा.