टाकीच्या तळाचं पाणी

लक्षवातीचा नेम घेतल्यापासून सकाळी शंभर वाती वळून दिवा लागेपर्यंत मी कुणाशी बोलत नसे. त्यामुळे त्या गुरुवारी सरपंच बाळासो लाँच चालवणाऱ्या आमच्या मालकांना धक्क्यावर काय काय बोलले, ते पायरीवर वाती वळत मी मुकाट्यानं ऐकून घेतलं.

"कृष्णात, म्हैन्यात तिसऱ्यांदा लाँच मधीच बंद पडली. उद्या तालुक्याचं सायब चाचणीला येणार हाईत. परत थांबली की लाँच लिलावात, आन् तू हाईसच वल्हं मारायला!"

धरणाचं पाणी चढलं तशी आमची वाडी बाजारापासून तुटली होती. होडीनं जायचं, नाही तर डोंगरातून चौदा मैल चालायचं. पंचायतीनं डिझेलची लाँच आणली तेव्हा शेजारची बयाबाई म्हणाली होती, "माझं पोरगं होडीत जन्मलं. सुनेचं तरी दवाखान्यात हुईल." सुनेला आता नववा लागला होता.

गडहिंग्लजहून आणलेला गुंडू मिस्त्री हात पुसत म्हणाला, "इंजिन खोललं, पंप साफ केला, आनि काय करू? लाँचला नजर लागलीया. लिंबू बांधा."

"लिंबू सरबताला लागत्यात," बयाबाई म्हणाली. "तू नट आवळ की!"

शंभरावी वात झाली. घरी जाऊन दिवा लावला, देवाला नमस्कार केला आणि परत येऊन मालकांना हळूच म्हटलं, "अहो, परवा मी लाँचमध्येच होते. बंद पडायच्या आधी ती तडतडली, तिनं आचके दिले. तेलात पाणी गेलं की वात अशीच करते. तेव्हा मी वात बदलत नाही, समई पालथी घालून पुसते. इंजिन सोडा, टाकी बघा."

गुंडू हसला. "वैनी, डिझेल पंपावरनं आणल्यालं हाय. त्यात पाणी कुठनं येतंय?"

ते मला ठाऊक होतं. चोरीच्या भीतीनं मालक रोज संध्याकाळी नळीनं डिझेल डब्यात ओढून घरी आणायचे, खाटेखाली ठेवायचे आणि सकाळी परत ओतायचे. रिकामी लोखंडी टाकी रात्रभर गार हवेत आतून घामेजायची. सकाळी झाकण उघडलं की आतल्या बाजूनं थेंब ओघळताना मीच पाहिलेले. नळी तळाला पोचत नव्हती, म्हणून पाणी तिथंच साठत गेलं.

हे मी सांगितलं तसा मालकांचा चेहरा उतरला. "म्हंजे माझ्याच राखणीनं?"

"बघू तरी," मी म्हटलं.

टाकीच्या बुडाचा नट रंगाखाली गंजून बसला होता. गुंडूनं तो ठोकून सोडवला. आधी निव्वळ पाणी आलं, चांगलं दोन तांबे. मग शेवाळासारखं काळं, बुळबुळीत काहीतरी. डिझेल त्यानंतर.

"गुंडू, पिळ लिंबू ह्यात!" बयाबाई ओरडली.

गुंडूनं कान पकडले. आता टाकी आतून पुसायची होती, पण वरच्या तोंडातून पुरुषाचा हात कोपरापुढं जाईना. मग मीच पदर खोचला, बांगड्या वर सरकवून चिंधीनं बांधल्या. गुंडूनं पोत्याचा तुकडा पुढं केला, तो मी परत दिला. त्याचे तंतू आत राहिले असते. मालकांचं जुनं, धुतलेलं धोतर घेतलं. वास डोक्यात चढत होता. तोंड वाऱ्याकडं करून मी कानाकोपरा पुसत राहिले.

"बिडी इझवा आधी!" मालक बाळासोंवर खेकसले. सरपंचांनी ती पाण्यात बुडवली.

तीनदा थोडं थोडं डिझेल घालून टाकी विसळली. चौथ्यांदा धोतर पांढरं बाहेर आलं. गुंडूनं गाळणी बदलली, टाकी काठोकाठ भरली, इंजिनाच्या नळीचा नट सैल करून आतली हवा निघून बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारला. डिझेल घरी न आणता मालक त्या रात्री लाँचवरच निजले.

शुक्रवारी साहेब आले. लाँच निघाली. ऐन मधे, जिथं ती हटकून थांबायची, तिथं मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. आवाज एकसारखा येत राहिला, समईत वात शांत तेवावी तसा. दोन फेऱ्या झाल्या. साहेब म्हणाले, "ड्रायव्हर, आता माणसं भरून न्या."

बावीसजण चढले. बयाबाईनं सुनेला मधोमध बसवलं.

"कृष्णात," बाळासो म्हणाले, "काल लई बोललो मी."

"मला काय सांगताय? टाकी हिनं धुतली."

बाळासो माझ्याकडं वळले. "आक्का, आता हुकूम करा."

"हुकूम कसला? संध्याकाळी टाकी भरून ठेवायची, झाकणाला कुलूप घालायचं. आणि दर अमावास्येला बुडाचा नट सोडून बघायचं."

"ऐकलंस न्हवं, ड्रायव्हर?" बयाबाईनं मालकांना कोपरखळी मारली. "आता सोड की जोरात!"

त्यांनी सोडली. पाणी दोन्हीकडं फाटत गेलं, पोरीबाळी ओरडल्या, धक्क्यावरनं गुंडूनं टोपी उडवली. इतके दिवस आम्ही काठाला लागेपर्यंत साडेनऊची एसटी धूर सोडून निघून गेलेली असे. त्या दिवशी पलीकडं उतरलो तर रस्ता मोकळा होता, एसटी अजून यायची होती. बयाबाईनं सुनेला झाडाखाली बसवलं, कमरेवर हात ठेवले आणि वळणाकडं बघत म्हणाली,

"काय ही एसटी! कवाधरनं वाट बघायची हिची?"