रिक्स्तबाईंची यादी आणि माझे निखारे

मी एक जुनी पायशेगडी आहे, मित्रांनो. ओकच्या लाकडाची चौकोनी पेटी, झाकणाला पाच भोकं, एक बाजू उघडी, आत मातीचं भांडं आणि त्यात दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटचे निखारे. बाईने माझ्यावर पाय ठेवून वरून घागरा सोडला, की माझं काम सुरू. हार्लिंगेन या डच बंदरातल्या एका सुताराने मला घडवलं आणि त्याच हिवाळ्यात, सन १८९३मध्ये, मी डॉक्टर रिक्स्त हूकेमा यांच्या तपासणीच्या खोलीत आले.

त्या खोलीत जे मी ऐकलं, त्याने आजही थक्क होते.

रिक्स्तबाईंच्या टेबलावर जाडजाड ग्रंथ होते. सभ्य बाईला नवऱ्याची ओढ नसते, ती फक्त सोसते, असं त्यांत ठासून लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्यांनी एकाही बाईला विचारलेलं नव्हतं. रिक्स्तबाईंनी विचारायचं ठरवलं.

पहिली आली चित्स्के, जाळी विणणारी कोळीण. ओले मोजे काढून तिने माझ्यावर पाय ठेवले.

"चित्स्के, लग्नाआधी तुला यातलं कुणी काही सांगितलं होतं?" रिक्स्तबाईंनी विचारलं. "आणि नवऱ्याजवळ असताना तुला सुख वाटतं, की नुसतं सोसतेस?"

"अगं बाई! हे काय विचारणं झालं? पाद्रीबाबांनी ऐकलं ना, तर चर्चची पायरी चढू द्यायचे नाहीत!" चित्स्के लाजून लाल झाली. मग पाय शेकता शेकता एकदम हसली. "लिहा. वाटतं सुख. पण झिंगे धरून आला की आधी अंघोळ कर म्हणते मी त्याला."

रिक्स्तबाईंनी ते जसंच्या तसं कार्डावर उतरवलं. कार्डावर नाव नाही, फक्त आकडा. कोणता आकडा कोणाचा, ते एका वेगळ्या यादीत.

चार हिवाळ्यांत तीनशे अठरा बायका माझ्यावर पाय ठेवून बोलल्या. कुणी हसल्या, पुष्कळ रडल्या. लग्नाच्या दिवसापर्यंत काहीच ठाऊक नव्हतं, असं सांगणाऱ्या तर किती! इतकी वर्षं मनात कोंडलेलं बोलणं साध्या प्रश्नाने बाहेर यायचं, आणि मला वाटायचं, ही बाई समुद्राचा तळ मोजते आहे.

मग रिक्स्तबाईंनी सगळं एका वहीत मांडून विद्वानांच्या एका मंडळाकडे पाठवलं. उत्तर आलं: नावांची यादी पाठवा, खात्री पटली तरच छापू.

यादी पाठवावी की नाही, याचा विचार करत रिक्स्तबाई आठवडाभर ती टेबलावर ठेवून बसल्या. गुरुवारी दुपारी लोण्याचा व्यापारी सीबे मिन्नेमा दार न वाजवताच आत आला.

"माझी औक्ये इथे येऊन काय बोलली, ते मला कळलं पाहिजे."

"ते तुमच्या बायकोलाच विचारा, मिन्नेमासाहेब."

"ती सांगत नाही!" तो खुर्चीत बसला आणि गालात हसला. "बरं, राहू द्या. त्या मंडळात माझा मेहुणा आहे. यादी तिकडे गेली, की माझ्याकडे येणारच."

रिक्स्तबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या उठल्या, वाकल्या आणि यादीची पानं एकेक करून माझ्या निखाऱ्यांवर ठेवू लागल्या. माझ्या पाचही भोकांतून धूर निघाला.

"अहो, वेड लागलंय का? तुमची चार वर्षांची मेहनत जळतेय!" मिन्नेमा ओरडला.

"मेहनत कपाटातल्या कार्डांवर आहे," रिक्स्तबाई म्हणाल्या. "जळतायत ती नावं."

मंडळ आता आपलं काही छापणार नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. झालंही तसंच. वही परत आली, सोबत दोन ओळींचं पत्र.

पुढच्या सोमवारी त्यांनी माझ्यात निखारे भरले खरे, पण कुणी येईल असं त्यांना वाटत नव्हतं. दार उघडलं, तर कालव्याच्या पुलापर्यंत बायका उभ्या! यादीची गोष्ट मासळीबाजारात पोचली होती. सर्वांत पुढे चित्स्के, आणि तिच्या हाताला धरून वाकलेली म्हातारी.

"ही माझी सासू, बाउक्ये. सत्तर वर्षं तोंड मिटून बसलीय. आता हिलाही विचारा!"

"तू गप गं, वाचाळ!" म्हातारी म्हणाली. तिने सुरकुतलेले पाय माझ्यावर ठेवले आणि डोळे पुसले. "विचार, पोरी. मला कधी कुणी विचारलंच नाही."

मित्रांनो, रिक्स्तबाई पुढे तेवीस वर्षं विचारत राहिल्या. ती कार्डं छापली गेली नाहीत. आज मी संग्रहालयात काचेआड आहे. खाली चिठ्ठी आहे: 'पायशेगडी, लाकूड'. तीनशे अठरा बायकांची नावं रिक्स्तबाईंनी त्या बायकांना जपण्यासाठी पुसली. त्यांचं स्वतःचं नाव मात्र नुसत्या हयगयीने पुसलं गेलं.

मला पुसूनबिसून लखलखीत ठेवू नका. चिठ्ठीत एवढी एक ओळ वाढवा: हिच्यावर पाय शेकणाऱ्या बायकांना डॉक्टर रिक्स्त हूकेमा यांनी विचारलं, आणि ऐकून घेतलं.