हवाली केलेलं भांडण

चित्रकर्तीने शिक्का शाईवर दाबला आणि शिंप्याच्या कागदावर उमटवला. शेजाऱ्याच्या कुत्र्यावरून चाललेलं त्याचं भांडण आता रीतसर तिचं झालं. कागदावर वर कुत्रा, खाली करार.

"आणि तो परत भुंकला तर?" शिंप्याने विचारलं.

"तर तुम्ही गप्प बसायचं. अट वाचलीत ना?"

चित्रदालनात हशा पिकला.

वकिली करत होती तेव्हा ती लोकांची भांडणं लढायची. आता लोकांसमोर टेबल मांडून ती भांडणंच आपल्या नावावर करून घ्यायची. ऐकता ऐकता चित्र, मग दोघांच्या सह्या, मग भिंत. देणाऱ्याचा हक्क संपला, त्याने त्यावर पुन्हा अवाक्षर काढायचं नाही. नातेवाईक याला विकतचं दुखणं म्हणत, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

शिंपी उठल्यावर समोरच्या खुर्चीत ताई येऊन बसली.

आई गेल्यापासून दोघी बोलल्या नव्हत्या. माफीची वाक्यं चित्रकर्तीला घोटून घोटून पाठ झाली होती, पण ताई फोनच उचलत नसे. तिने पेन्सिल सरळ धरली.

"भांडण कोणाशी?"

"धाकट्या बहिणीशी."

ताईने कसलाही चढउतार न आणता सांगितलं. आईने अंथरूण धरलं होतं, बहिणीला निरोपावर निरोप गेले, पण बहिणीचं प्रदर्शन होतं.

"दार वाजलं की आई मान वळवायची. उशी त्याच अंगाला दबलेली राहायची. मी सारखी करायचे, की पुन्हा तशीच."

चित्रकर्तीने एका अंगाला दबलेली उशी काढली. रेघ सरळ आली, याचं तिलाच वाईट वाटलं.

ताईने चष्मा लावून करार शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. शिक्का बसला.

"ताई, मी तेव्हा यायला हवं होतं. मला माफ—"

ताईने कागदावर बोट ठेवलं.

"ते आता माझ्याकडे नाही."

"पण मला तुझी माफी मागायचीय."

"कशाबद्दल? माझी काही तक्रारच राहिली नाही. तुझ्याच कागदात लिहिलंय."

आवाजात राग नव्हता. चित्रकर्तीने तो शोधून पाहिला. ताई पर्स घेऊन उठली, जाता जाता थांबली.

"किती वाळलीस गं. रविवारी ये घरी. आईचं कपाट आवरायचंय, मला एकटीला होत नाही."

"येते."

ताई गेली. चित्रकर्तीने कागद नेऊन कुत्र्याच्या शेजारी टांगला. रांगेतली बाई खुर्चीत बसून वाट पाहत होती, पण चित्रकर्ती भिंतीपासून हलली नाही. उशीकडे तोंड करून तिने पाठ केलेली वाक्यं हळू आवाजात म्हणायला घेतली. दुसऱ्याच वाक्याला अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. एकाने मोबाइल बंद केला, आणि सगळे अदबीने ऐकत उभे राहिले.