पूर्वेकडचा बाक

शनिवारी नात ब्रिनलीचं चर्चच्या मोठ्या मंदिरात लग्न आणि आर्डेलचा तिथं शिरायचा दाखला गेल्याच आठवड्यात संपलेला. नवा मिळवणं काही अवघड नसतं. बिशपसमोर बसायचं, ठरलेल्या प्रश्नांना ठरलेली उत्तरं द्यायची, सही घेऊन उठायचं. पण दाखला नसला तर सख्खा बाप असो की आजोबा, लग्न लागेपर्यंत बाहेरच थांबायचं. बावीस वर्षं आर्डेल ती उत्तरं धडाधड देत आला होता. यंदा मात्र त्यानं शेवटच्या आठवड्यापर्यंत टाळलं होतं, कारण वसंतात नेमलेला नवा बिशप होता त्याचाच धाकटा भाऊ, गार्थ.

आता याला काय म्हणावं? परवापर्यंत शाळेच्या बसखाली पाठीवर पडून दुरुस्ती करणारा माणूस, आज टाय लावून गावाची पापं ऐकायला बसतो! पण आमच्याकडे पगारी पाद्री नसतोच. ज्याच्यावर जबाबदारी येईल तो बिशप.

बुधवारी संध्याकाळी आर्डेल चर्चच्या बोळकांडीत, बिशपच्या खोलीबाहेर घडीच्या खुर्चीवर बसला होता. पलीकडच्या प्रार्थनागृहात कुणीतरी ऑर्गनवर रविवारच्या भजनाचा सराव करत होतं आणि दर वेळी एकाच ओळीवर अडखळत होतं. त्याला वाटलं, उठून घरी जावं. तेवढ्यात गार्थनं दार उघडलं.

"ये, बस. पाय का हलवतोयस? दाताच्या डॉक्टरकडे आलायस का?"

टेबलावर मुलांसाठी ठेवलेल्या गोळ्यांची बरणी होती. गार्थच्या नखांत अजून ग्रीस होतं. प्रश्न एकेक करत पुढं सरकले आणि तो प्रश्न आलाच.

"अशी काही मोठी चूक आहे का, जी मिटवायची राहून गेलीय?"

परक्या माणसाला "नाही" म्हणणं सोपं होतं. 

"आहे," तो म्हणाला आणि स्वतःच दचकला. "बावीस वर्षांपूर्वीच्या त्या दुष्काळी उन्हाळ्यात तुझ्या पाळीचं पाणी मी फोडलं. माझी पाळी चार दिवसांवर होती, लसूणघास करपत होता. कालव्याचं दार उघडलं आणि चारी माझ्या रानात वळवली."

गार्थनं पेन खाली ठेवलं. 

"म्हणजे पाणी फोडणारा कालव्यापलीकडचा लव्हार नव्हता."

"नव्हता."

"आणि आम्ही भर सभेत त्याला पाणीचोर म्हटलं. तू तिथं होतास."

"होतो."

"माझा घास गेला, ते जाऊ दे. माफ करायला थोडा वेळ लागेल, पण ते माझं मी बघतो." गार्थनं बरणी बाजूला सारली. "लव्हारचं नाव गेलं, ते माफ करण्याचा अधिकार मात्र भावाला नाही आणि बिशपलाही नाही."

"मग सही?" विचारताना आर्डेलला स्वतःची लाज वाटली.

"आधी त्याच्या दारात जा. तो शिव्या देवो, दार आपटो. खरं सांगून आलास की सही करतो. त्यानं माफ केलं नाही म्हणून तुझा दाखला अडणार नाही. शिकवणच तशी आहे, ती काही मी केलेली नाही."

गुरुवारी सकाळी आर्डेल कालव्यापलीकडे निघाला. रिकाम्या हातानं कुणाकडे जायचं नाही ही गावची रीत, म्हणून त्यानं रासबेरी जॅमची बाटली घेतली. दारासमोर पोचल्यावर तिचीच शरम वाटून ती गाडीत ठेवून दिली. मग दार वाजवलं.

लव्हारनं दार उघडलं. हातात कॉफीचा कप होता. चर्चमध्ये कॉफीला मनाई, पण चर्च सोडल्यापासून तो ती उघड प्यायचा.

"काय ब्रदर, रस्ता चुकलात?"

आर्डेलनं सगळं एका दमात सांगितलं. "तुमचं नाव घेतलं गेलं तेव्हा मी तिसऱ्या रांगेत गप्प बसलो होतो."

"दुसऱ्या," लव्हार म्हणाला. "मी सगळ्यांची तोंडं बघत होतो, कुणीतरी बोलेल म्हणून."

"मला माफ करा."

"करावंच लागेल. आमच्या आईनं शिकवलंय, सगळ्यांना माफ करायचं, निवडानिवड करायची नाही. पण आज जमायचं नाही. सोमवारपर्यंत वेळ द्या."

"शनिवारी ब्रिनलीचं..."

"माहितीय. तुमचा भाऊ सही देईल ना? मग जा की आत. अडवतोय कोण?" त्यानं कप कठड्यावर ठेवला. "आमच्या लेकीचं, जनीलचं लग्न लागलं तेव्हा मी बाहेर होतो. पाणीचोर म्हणणाऱ्यांसमोर दाखला मागायला कुठल्या तोंडानं जाणार? मंदिराच्या पूर्वेला बाक आहे. सकाळभर ऊन थेट डोळ्यांवर. दीड तास बसलो होतो."

आर्डेलला नातीचं बोलणं आठवलं. "आजोबा, तुम्ही अगदी समोर बसायचं हं," ब्रिनलीनं बजावलं होतं.

लव्हारनं त्याच्या टकलाकडे पाहिलं. मग आत हात घालून खुंटीवरची जुनी गवती हॅट काढली आणि पुढं धरली.

"त्या बाकावर लागली तर न्या. सोमवारी परत आणून द्या."

तिकडे गार्थच्या टेबलावर दाखल्याचं कार्ड तयार होतं, फक्त सही राहिली होती. आर्डेलनं दोन्ही हात पुढं केले आणि हॅट घेतली.