पट्टी बदलायचं बटण

समुद्रकाठच्या केटा गावातल्या चर्चने सेलासीला विद्यापीठात न्यायला कीबोर्ड घेऊन द्यायचं ठरवलं आणि तो निवडायचं काम तिच्याच थोरल्या बहिणीवर, एन्योनामवर सोपवलं. चर्चच्या वडीलमंडळींना त्यात काही वावगं दिसलं नाही. अख्ख्या गावात वाद्यातलं कळणारी ती एकटी, धाकटीला शिकवलेलंही तिनेच, मग निवडायला दुसरं कोण जाणार? एन्योनामने मान डोलावली, सगळ्यांचे आभार मानले, आणि घरी येऊन शिलाई मशीनवर बसली ती गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला उलटी बाही जोडूनच उठली.

जळत होती ती. उगाच आडपडदा कशाला? अकरा वर्षं ती त्या चर्चमध्ये वाजवत होती. बारशी झाली, लग्नं झाली, मयती झाल्या, सगळीकडे हीच. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने जुन्या कीबोर्डचे निम्मे स्वर गेले, तरी उरलेल्या निम्म्यांवर तिने पूर्ण गाणी वाजवून दाखवली. त्याबद्दल तिला मिळालं काय, तर दर नाताळला एक कापडाचा तुकडा आणि ‘देव तुझं भलं करो’. आणि ही कालची पोर, कानामागून आली आणि तिखट झाली. गळा बरा म्हणून विद्यापीठाने तिला संगीत शिकायला घेतली, तर गाव तिला डोक्यावर घेऊन नाचायला निघालं.

बरं, गळ्यावर प्रवेश मिळाला तरी सेलासीला गायचं नव्हतंच. तिला वाजवायचं होतं. पहिल्याच आठवड्यात तिथे वाजवण्याची परीक्षा व्हायची होती. तीत निभावलं तर वाजवणाऱ्यांच्या वर्गात जागा, नाहीतर मुकाट गाणाऱ्यांच्यात. हे तिने बहिणीला दहादा सांगितलं आणि एन्योनामने ते दहाही वेळा पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. वास्तविक ती परीक्षा तिला चांगली ठाऊक होती. चार वर्षांपूर्वी ती स्वतः तिथे जाऊन आली होती. आल्यावर तिने सांगितलं, तिथं वशिल्याच्या तट्टांनाच घेतात. गावाने लगेच मानलं, कारण असली गोष्ट गावाला नेहमीच पटते.

खरं काय झालं ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे चर्चमध्ये गाणं कुठल्या पट्टीत व्हायचं, हे वाजवणारा ठरवत नाही. ममा अब्लासारखी एखादी म्हातारी मध्येच उठते, डोळे मिटते आणि मनाला येईल त्या सुरात गाणं उचलते. दोन ओळी संपायच्या आत तिला गाठायचं असतं. त्यासाठी बारा पट्ट्या शिकत बसायला वेळ कुणाला आहे? सगळे एकच शिकतात, काळी तीन. पुढचं काम पट्टी बदलायचं बटण करतं. बोटं नेहमीच्याच जागी ठेवायची, डाव्या हाताने बटण दाबत जायचं, टक टक टक, सूर जुळला की सुटलो. एन्योनामला चर्चमध्ये धर्मशिक्षण देणाऱ्या कॅटेकिस्टने असंच शिकवलं आणि तिने सेलासीला असंच शिकवलं. त्यात लाजण्यासारखं काही असतं, हे तिला विद्यापीठातल्या त्या खोलीत कळलं. तिथे पियानो होता. समोर कागद होता, त्यावर पांढरी पाचमधलं अगदी साधं गाणं. तिचा डावा हात बटण शोधत पियानोच्या लाकडावरून फिरला आणि रिकामाच परत आला. तीन परीक्षकांपैकी एक जण म्हणाले, जरा बाहेर बाकावर थांब. ती थांबली. आतून तिघांच्या हसण्याचा आवाज आला, तशी ती उठली आणि तडक बस स्टँडवर गेली.

म्हणजे आता सेलासीचं तिथे काय होणार, हे साऱ्या केटामध्ये फक्त तिला माहीत होतं. अजून पाच आठवडे हातात होते. तोंड उघडलं असतं, तर तेवढ्यात धाकटीची निदान दोन-तीन पट्ट्यांची ओळख झाली असती. पण तोंड उघडायचं म्हणजे स्वतःची फजिती सांगायची, आणि वर या पोरीला स्वतःच्या हाताने पुढे ढकलायचं. दोन्ही तिच्याच्याने होईना.

राजधानीला, आक्राला, दोघी पहाटेच्या ट्रोट्रोने, माणसं कोंबून नेणाऱ्या छोट्या बसने, गेल्या. सेलासी वाटभर बोलत होती. वसतिगृहात कुठला पलंग मिळेल, वाद्याला ऊन लागू नये म्हणून कसलं कापड शिवशील, एक ना दोन. एन्योनाम खिडकीबाहेरचे कांद्याचे वाफे मोजत राहिली.

दुकान एफो त्सात्सूचं. युरोपातून कंटेनरने आलेली जुनी वाद्यं तो दुरुस्त करून विकायचा. चर्चने ठरवून दिलेल्या रकमेत बसणारे दोनच कीबोर्ड त्याच्याकडे होते. एक लाल, चकचकीत, शंभर तऱ्हेचे आवाज काढणारा सिंथेसायझर, आणि पट्टी बदलायचं बटण डाव्या हाताशी, ठसठशीत. दुसरा लांबलचक, काळा, बोटांना जड लागणाऱ्या स्वरपट्ट्यांचा, दिसायला शवपेटीच्या झाकणासारखा. सेलासी लालवर बसली ती बसलीच. तिने कानाला हेडफोन लावले आणि मान हलवत वाजवायला लागली.

एफो त्सात्सू थोडा वेळ तिच्या डाव्या हाताकडे बघत राहिला. मग एन्योनामला बाजूला घेऊन म्हणाला, "विद्यापीठात न्यायचाय ना? मग हा काळा घ्या, ताई. पोरगी बटणावर वाजवते. तिथं पियानोवर बसवतात."

"याला बटण नाही?"

"आहे की. पण ते सापडेपर्यंत माणूस दुसरी पट्टी शिकून घेतो." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. "माझं काय जातंय? दोन्ही माझेच. पण पोरीचं नुकसान होईल."

एन्योनामने काळ्यावर हात ठेवून पाहिला. स्वरपट्ट्या बोटांना दाद देत होत्या, थेट त्या खोलीतल्या पियानोसारख्या. चार वर्षांपूर्वी असा एक आपल्या घरात असता तर, असं तिच्या मनात आलं. मला कुणी दिला होता? मला कुणी बाजूला घेऊन सांगितलं होतं, ताई, नुकसान होईल म्हणून? मग हिलाच का सगळं आयतं ताटात वाढायचं? तिलाही एकदा कळू दे, सगळ्यांदेखत आपला हात रिकामा परत आला की काय वाटतं ते.

सेलासीने हेडफोन काढले. घाम आला होता तिला, इतकी ती रंगली होती. ताईला म्हणाली, "डा एन्यो, मला दोन्ही आवडतात गं. तू सांगशील तो."

"लाल घे," एन्योनाम म्हणाली.

एफो त्सात्सूने एकदा तिच्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि लाल कीबोर्ड गुंडाळायला घेतला.

निरोपाच्या रविवारी तो लाल कीबोर्ड चर्चमध्ये मांडला. ममा अब्लाने तर त्या दिवशी कहरच केला. भलत्याच सुरात गाणं उचललं आणि दुसऱ्या ओळीला आणखी वर चढली. सेलासीचा डावा हात बटणावर टकटकला आणि पुढच्याच क्षणी वाद्य म्हातारीच्या बरोबरीने धावायला लागलं. बायका रुमाल उडवत उठल्या, कॅटेकिस्टसुद्धा नाचला. शेवटी सेलासीला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ती म्हणाली, मला येतं ते सगळं माझ्या बहिणीचं आहे. लोकांनी वळून एन्योनामसाठी टाळ्या वाजवल्या. एन्योनामने हसून हात जोडले. अकरा वर्षांतली ही पहिली टाळी, आणि तीही धाकटीने वाढलेली.

त्या संध्याकाळी आई चुलीवर शितो परतत होती. ही तिखट काळी चटणी बरणीभर बरोबर घेतल्याशिवाय आमच्याकडचं पोर घराबाहेर शिकायला जात नाही. दोघी बहिणी शेजारी मिरच्या निवडत बसल्या होत्या. तेव्हा सेलासीने हळूच विचारलं, "डा एन्यो, तुला त्यांनी काय वाजवायला सांगितलं होतं?"

आईचा हात थांबला. त्या परीक्षेचा विषय घरात कुणी काढायचा नाही, असा अलिखित नियम होता.

"काय सांगणार? गाणं," एन्योनाम म्हणाली. "तुला येतं तसलंच."

"अवघड होतं?"

"नाही. साधं होतं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तिला रात्री बरी झोप लागली. मांजर डोळे मिटून दूध पितं ते असंच.

सेलासी गेली. परीक्षेच्या दिवशी एन्योनामने सकाळपासून फोन मशीनशेजारी ठेवला होता. तिच्या मनात चाललं होतं ते ऐकाल तर नवल वाटेल. सेलासी रडत फोन करील. आपण तिला समजावू. येऊ दे घरी म्हणू, मक्याच्या पिठाचं आक्पले करू, तिला आवडतो तसा मासा तळू. या कल्पनेने तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. हरलेल्या बहिणीवर तिचं केवढं प्रेम होतं! फक्त तिने आधी हरायला हवं होतं.

फोन आला तो दुपारी, आणि सेलासी रडत नव्हती. दमलेली होती. लाल कीबोर्ड दाराबाहेरच ठेवायला लावला, म्हणाली. आत पियानो. कागदावरची पट्टी तिला येत नव्हती, डावा हात बटण शोधत राहिला, शेवटी तिने हात मांडीवर ठेवून सरळ सांगितलं की मला एकच पट्टी येते. त्यांनी तिला बाहेर बाकावर थांबायला सांगितलं.

"आणि मग?" एन्योनामने विचारलं.

"मग हसले आत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं." सेलासी थांबली. "नंतर दार उघडून म्हणाले, ये. आज सकाळपासूनची तू सातवी बटणवाली. निम्मा देश चर्चमधून असाच येतो म्हणे, म्हणून हसत होते. अशांचा एक वेगळाच वर्ग आहे, डा एन्यो. वर्षभर तिथं बारा पट्ट्या घोटून घेतात, मग पुढं. घेतलं मला."

एन्योनामच्या पायाखालचं मशीनचं पेडल आपोआप थांबलं.

"अकरा जण आहोत," सेलासी सांगत होती. "मघाशी सगळे एकत्र बसलो, तर प्रत्येकाचा डावा हात हवेतच. हसून हसून पुरेवाट झाली."

आणि एन्योनामला या हसण्याचाही हेवा वाटला. तिची चार वर्षं लपवलेली लाज या पोरीला दुपारभरसुद्धा एकटीने सोसावी लागली नाही. हरण्यातही हिला दहा जणांची सोबत मिळाली.

"एसुमान सर म्हणून आहेत," सेलासीचा आवाज आता सावकाश येत होता. "त्यांनी माझं आडनाव वाचलं, गाव वाचलं. म्हणाले, चार वर्षांपूर्वी केटाहून अशीच एक मुलगी आली होती. हातात फार गोडवा होता, म्हणाले. तिला घ्यायचं ठरवलं आणि कागदावर सही घ्यायला दार उघडलं, तर बाकावर कोणीच नव्हतं. तुझी कोण ती, म्हणून विचारलं."

बाहेर कोळणी मासे वाळत घालत एकमेकींशी भांडत होत्या, ते एन्योनामला शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

"तुला माहीत होतं, डा एन्यो. तिथं बटण नसतं, हे तुला माहीत होतं."

फोनला आवाज नीट येत नाही म्हणता आलं असतं. मी विसरले म्हणता आलं असतं. वशिल्याची गोष्ट तर तयारच होती. पण घ्यायचं ठरवलं होतं हे ऐकल्यानंतर तिच्यात खोटं बोलण्याइतकंही बळ उरलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "माहीत होतं."

"मग लाल का घ्यायला लावलास?"

"तू पण त्या बाकावर बसावंस म्हणून."

सेलासी म्हणाली, "बसले की. मी फक्त थांबले." आणि तिने फोन ठेवला.