स्टेपनीच्या पोटातले बूट

मी स्टेपनी बोलतेय. अहो, चाकांकडे काय बघताय, मी तिथे नसते. डिकी उघडा, सामान काढा, चटई उचला. त्याखाली अंधारात जी गोल, काळी, निमूट पडलेली असते, ती मी. गाडीला चाकं किती असं कोणालाही विचारा, चार म्हणेल. पाचवं कोणी धरत नाही, आणि पाचव्याशिवाय कोणी लांबच्या प्रवासालाही निघत नाही. माणसांचं हे गणित मला अजून उलगडलेलं नाही.

कारखान्यातून आम्ही पाच बहिणी बरोबरच निघालो. चौघींच्या वाट्याला रस्ता आला, माझ्या वाट्याला डिकी. त्यांनी जग पाहिलं, मी ऐकलं.

आमचे मालक पाणीपुरवठा खात्यातले इंजिनिअर, आता निवृत्त. मोठे शिस्तीचे. दर रविवारी गाडी धुणार, चारही टायर घासून चकचकीत करणार. माझ्यावरून कधी फडक्याचं टोकही फिरलं नाही. मीही मनाला लावून घेतलं नाही. म्हणजे, घेतलं, पण सांगणार कोणाला?

आणि एका संध्याकाळी अचानक चटई उचलली गेली. मला वाटलं, आली एकदाची माझी आठवण! हवा भरणार! कसली हवा? मालकांनी इकडेतिकडे चोरासारखं बघितलं, माझ्या पोटातल्या खळग्यात जाड तळव्यांच्या बुटांचा जोड कोंबला आणि चटई ओढून घेतली.

बूट त्यांच्या मुलीचे होते. ती जनावरांची डॉक्टर झाली होती आणि दूर डोंगरातल्या एका गावी नोकरीला निघाली होती. मालकांनी तिच्यासाठी घराजवळ, शहरातल्या लाडावलेल्या कुत्र्यामांजरांसाठी दवाखान्याची जागा हेरून ठेवली होती. "बकऱ्यांची खुरं तपासायला शिकवलं का तुला?" हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या वेळा ऐकलं की मलाच पाठ झालं. ती ऐकेना, तेव्हा या शिस्तीच्या माणसाने बूट लपवले. बूट नाहीत तर पोरगी डोंगरात कशी जाईल? केवढी ही अक्कल! धरणं बांधलेल्या माणसाची!

मुलीच्या आईने माळा उपसला, पलंगाखाली बॅटरी मारली. डिकीत, माझ्या पोटात, बघायचं कोणालाच सुचलं नाही. मी कोणाच्या लक्षात असते तर ना! सकाळी मुलगी चपला घालून निघून गेली.

पुढची चार वर्षं ते बूट माझ्याजवळ राहिले. आता ते बाहेर काढायचे म्हणजे आपणच चोर असल्याचं कबूल करायचं, आणि ते मालकांना जमेना. मुलीचा फोन आईला यायचा, कधी गाडीतच यायचा. मालक हातांनी गाडी चालवत आणि कानाने फोन ऐकत. मध्येच बायकोला म्हणत, "थंडी किती आहे ते विचार." फोन घेऊन स्वतः विचारायला मात्र ते धजत नसत.

मग निघाली मित्रांची साहसी सहल. कुठे? त्याच डोंगरातल्या गावी. "अरे, दुर्गम आहे, खडतर आहे, मजा येईल!" मालकांनीच टुमणं लावलं. खरं कारण तेवढं सांगितलं नाही.

मित्र तिघं. पहिले अध्यक्ष. कसले अध्यक्ष ते विचारू नका. जिथे चार माणसं जमतात तिथे ते अध्यक्ष असतात. दुसरे दातांचे डॉक्टर. तिसऱ्यांना सगळे होकायंत्र म्हणत, कारण त्यांना दिशा कळतात अशी त्यांची स्वतःची समजूत होती. कॉलेजपासून या चौघांची एक रीत होती. काहीही ठरवायचं असलं की हात वर करून मतदान. चहा की कॉफी, मतदान. खिडकी उघडायची की लावायची, मतदान. आणि मालक कायम तीन विरुद्ध एक असे हरत.

निघायच्या दिवशी पहिलं मतदान माझ्यावरच झालं. तीन घडीच्या खुर्च्या, एक तंबू (मुक्काम हॉटेलात होता, पण साहस म्हटल्यावर तंबू हवाच) आणि खाऊचे डबे डिकीत मावेनात. अध्यक्ष म्हणाले, "स्टेपनी काढून ठेवा." तीन हात वर. मालक डिकीसमोर आडवे झाले. "गाडी माझी आहे. स्टेपनी हलणार नाही!"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी भांडत होतं. मला भरून आलं. मग पोटातले बूट आठवले आणि भरून आलेलं ओसरलं.

पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्याने विचारलं, "काका, स्टेपनी बघू का?" "नको, नको!" मालक इतक्या जोरात ओरडले की तो बिचारा चार पावलं मागे गेला. माझ्यात हवा किती होती? बरीच वर्षं कोणी विचारलं नव्हतं, तेव्हा तुम्हीच अंदाज करा.

डोंगर सुरू झाला. नाक्यावरच्या शिपायाने बजावलं, "बर्फ पडणार आहे. अंधारायच्या आत वर पोहोचा. एकदा वरचं फाटक बंद झालं की वर जाणाऱ्यांसाठी मग उन्हाळ्यातच उघडतं." मालकांनी घाईने गियर टाकला असावा, कारण गाडी उगाच एक आचका खाऊन निघाली.

पुढे रस्त्याला फाटा होता. तिथे पाटी होती. पाटीवर गावाचं नाव होतं आणि बाण डावीकडे होता. होकायंत्र म्हणाले, "पाटी वाऱ्याने फिरली असणार. गाव उजवीकडे आहे." आणि या सुशिक्षित माणसांनी पाटीच्या विरोधात मतदान घेतलं. तीन विरुद्ध एक. पाटी हरली.

उजवीकडचा रस्ता दगडाच्या खाणीत जाऊन संपला. गाडी वळवून पुन्हा फाट्याशी आलो आणि तिथे, खाणीतल्या धारदार दगडाने चिरलेली माझी मागची बहीण फट्कन फुटली. वर ढग जमत होते. खुर्च्या उतरल्या, तंबू उतरला, चटई उचलली गेली. मालक "थांबा, मी काढतो, मी काढतो" म्हणत होते, पण अध्यक्षांनी मला उचललंच. बूट रस्त्यावर पडले.

"हे काय रे?"

"बूट."

"ते दिसतंय. कोणाचे?"

"चिमीचे."

डॉक्टर पाना खाली ठेवून उठले. "ते हरवलेले? अरे, वहिनींबरोबर मी तुझ्या पलंगाखाली शिरलो होतो! माझी कंबर धरली होती आठवडाभर!"

"मीच लपवले होते. वाटलं, बूट नसले की राहील. चपलांवर गेली रे पोरगी." मालकांनी बूट उचलून धूळ झटकली. "तिच्या हातात द्यायचेत. आज वर गेलो नाही, तर पुन्हा माझा धीर होणार नाही."

"मग इतके दिवस साहस, साहस काय लावलं होतंस?"

"एकट्याने यायची हिंमत नव्हती."

साऱ्या सहलीत धाडसाचं म्हणावं असं एवढं एकच वाक्य झालं.

डॉक्टरांनी दाढ उपटावी तसे नट काढले आणि मला बसवलं. जॅक खाली आला तशी मी जवळजवळ जमिनीलाच टेकले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच, आणि तेही नापसंतीने! चार माणसं आणि हे सामान घेऊन मी चढणार नव्हते, हे उघड होतं. मागे फिरायचं तर खालचं एक गाव जवळ होतं, रस्ता उताराचा. अध्यक्ष खाकरले. मालक मान खाली घालून हात वर व्हायची वाट बघत राहिले.

एकही हात वर झाला नाही. अध्यक्षांनी खाऊचे डबेही उतरवले, खुर्ची उलगडली आणि रस्त्याच्या कडेला बसले. "निघ. आम्ही येतो मागून."

"चुकायचो नाही," होकायंत्र म्हणाले. "पाटी आहे ना."

तो चढ मी कशी चढले ते विचारू नका. दर वळणाला माझ्या कडा चाकाच्या धातूखाली चेंगरत होत्या. पण दरी दिसत होती, आभाळ दिसत होतं, आणि खरं सांगते, मला थांबायचं नव्हतं. वरचं फाटक अजून उघडं होतं.

मुलगी दवाखान्याच्या अंगणात एका बकरीचं खूर मांडीवर घेऊन बसली होती. पायात दणकट बूट. अर्थात! डोंगरात बुटांची दुकानं असतात, हे धरणं बांधणाऱ्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने मान वर केली. "बाबा?"

वाटभर मालक काहीतरी पुटपुटत पाठ करत होते. त्यातलं एक अक्षर आठवेना. म्हणाले, "स्टेपनीत हवा कमी होती. म्हणून उशीर झाला."

"चार वर्षं?"

मालकांनी बूट पुढे केले. "मीच घेतले होते, चिमे."

तिने बूट हातात घेतले. मग पायातले काढून तिने हे घातले, बंद बांधले आणि चालून बघितलं. दुसऱ्याच पावलाला एका बुटाचा तळवा सुटून लोंबकळला. न वापरता पडून राहिलेल्या बुटांचं असंच होतं. तिने तळव्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि हसता हसता खालीच बसली. मग रडू लागली. मालकही तिच्या शेजारी बसले. बकरी तेवढी उभी होती.

तिघं मित्र फाटक बंद व्हायच्या जरा आधी, बकऱ्यांनी भरलेल्या ट्रकमधून, खुर्च्यांसकट पोहोचले.

गावातल्या टायरवाल्याने मला दाबून बघितलं आणि "गेली ही" एवढंच म्हणाला. मालकांनी नवीन टायर घेतला. आता मी दवाखान्याच्या दाराशी आडवी असते. बुटांचे बंद बांधायला लोक माझ्यावर बसतात. दर उन्हाळ्यात मालकही येतात, माझ्यावर बसतात, आणि आल्या आल्या मुलीला पहिला प्रश्न करतात, "काय गं, थंडी किती आहे?" फोनवरून नाही, समोरासमोर.

माझं मागणं फार नाही. घरी गेलात की डिकी उघडा आणि तुमच्या स्टेपनीची हवा बघा. आणि तिच्या पोटात कोणाचं काही लपवून ठेवलं असेल, तर ते आजच नेऊन द्या. चांगल्यातला चांगला तळवाही फार वर्षं वाट बघत नाही.